गाडी मऊ करायची होती

दुसऱ्या खेपेनंतर आबांनी गाडीत बसायला नकार दिला.

आबा म्हणजे माझे सासरे. केळीचे घड ट्रॉलीत भरताना ते वरून घसरले, पाठीवर आपटले आणि कमरेचा एक मणका दबला. ऑपरेशन टळलं. पण पट्टा बांधून पडून राहणं आलं, आणि ते संपल्यावर जळगावला जाऊन व्यायाम करून घेणं आलं. आमचं गाव सावद्याजवळ. जळगावला जायचं म्हणजे फैजपूर, भुसावळ आणि मग हायवे. हायवेला नावं ठेवायला जागा नाही. गावापासून भुसावळपर्यंतचा रस्ता मात्र उसाच्या आणि केळीच्या गाड्यांनी दाबून दाबून असा केलाय, की डांबर कुठे संपलं आणि खड्डा कुठे सुरू झाला ते पायालाच कळतं.

पहिल्या खेपेला मी मागच्या सीटवर गोधड्या घातल्या, उशा लावल्या आणि आबांना अर्धवट झोपवून नेलं. गाडी मीच चालवत होते. ते ओरडले नाहीत. दारावरचं हँडल धरून, खांद्यावरचा रुमाल दातात धरून बसले. आरशात मला फक्त त्यांची मूठ दिसायची. प्रत्येक गतिरोधकाला ती पांढरी पडायची.

दुसऱ्या खेपेला तापीच्या पुलाअलीकडे ते म्हणाले, "थांबव." मी गाडी कडेला घेतली. ते डोळे मिटून नुसते श्वास घेत राहिले. मग हातानेच 'चल' म्हणाले. जळगावात फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना टेबलावर घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि मला बाहेर बोलावलं.

"घरून निघताना जेवढे मोकळे असतात ना, इथं पोचेपर्यंत त्याच्या दुप्पट आखडतात," त्या म्हणाल्या. "माझा अर्धा वेळ तुमचा रस्ता उतरवण्यात जातो. यायची काहीतरी वेगळी सोय बघा. पण व्यायाम सोडू नका. आता सोडलात तर पाठ अशीच धरून राहील."

तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी गाडी दारात आणली. आबा ओट्यावरच्या खाटेवर पट्टा बांधून तयार बसले होते. मला वाटलं निघालेच. तर म्हणाले, "मले नाही यायचं."

"आबा, त्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. तिले म्हणा, या गाडीत बसून पाह्य एकदा."

त्या दिवशी आम्ही गेलो नाही. सासूबाईंनी गोधड्या परत घडी करून ठेवल्या.

माझ्याविषयी इथे थोडं सांगायला हवं. मी धुळ्याची. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. देवपुरातल्या एका मैदानावर त्यांनी मला गाडी शिकवली, तीही लग्न ठरल्यावर, घाईघाईने, जणू भांड्यांबरोबर तेही द्यायचं राहून गेलं होतं. नवरा धुळ्यातल्या कॉलेजात शिकवतो आणि शनिवारी घरी येतो. म्हणजे मी त्यांच्या गावात आणि ते माझ्या. त्यामुळे घरातली ड्रायव्हर मीच. दवाखाना, बाजार, लग्नं, सगळं माझ्याकडे. गाडी आबांनी घेतलेली, पांढरी, मागे मोठी डिकी असलेली, आता जुनी झालेली.

नवऱ्याने फोनवर सुचवलं, मोठी गाडी भाड्याने कर. केली. सावद्याहून एक उंच जीप आणली. ती धक्के कमी देत होती, पण अशी डोलायची की फैजपूर येईपर्यंत आबांना मळमळायला लागलं. ड्रायव्हरला हळू चालव म्हटलं की तो पाच मिनिटं हळू चालवायचा. ॲम्ब्युलन्सचा विषय निघाला तेव्हा आबा म्हणाले, "त्या गाडीतून मी एकदाच जाईन. आन् तवा मले धक्के लागणार नाहीत." सासूबाई उठून आत गेल्या.

रस्ता माझ्या हातात नव्हता, आबांची पाठ माझ्या हातात नव्हती. गाडी होती. मी ठरवलं की ही गाडी आबांना झोपून जाता येईल इतकी मऊ करायची. कशी, ते तेव्हा मला अजिबात माहीत नव्हतं. सस्पेन्शन हा शब्द मी ऐकलेला होता, एवढंच.

सावद्याच्या गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मागचे शॉकअप गेलेत, ताई. हे बघा, तेल गळतंय." खरंच गळत होतं. चाकाच्या आतल्या बाजूला उभी नळी होती, तिच्यावर तेल आणि धूळ मिळून काळा थर बसला होता. त्याने दोन्ही बाजूंचे शॉकअब्सॉर्बर नवे बसवले. गाडी घेऊन येताना मला तर ती सुधारल्यासारखी वाटली. मी आनंदात होते. आबांना मनवायला मला आणि सासूबाईंना बराच वेळ लागला. शेवटी ते बसले.

गावाबाहेर रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली एक मोरी आहे. तिच्यावरून गाडी गेली आणि मागून आवाज आला, "मागं फिरव."

मी फिरवली. घरी उतरताना आबा माझ्यावर चिडले नाहीत, ते मला जास्त लागलं. खाटेवर पडून म्हणाले, "पह्यले उडवत व्हती. आता मारू राह्यली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. उडवणं आणि मारणं. दुपारी कामं आटोपली की मी मोबाईलवर सस्पेन्शनचे व्हिडिओ बघायला लागले. बहुतेक हिंदीत, कुठल्या कुठल्या गॅरेजात काढलेले. पुष्कळसं डोक्यावरून गेलं. पण हळूहळू एवढं कळलं, की धक्का घ्यायचं काम स्प्रिंगचं. चाक खड्ड्यात गेलं, वर उसळलं, की स्प्रिंग दबते आणि वरची माणसं जागच्या जागी राहतात. पण दबलेली स्प्रिंग परत उसळी मारते, एकदा नाही, अनेकदा. ती उसळी धरून ठेवणं हे शॉकअब्सॉर्बरचं काम. जुने गळालेले शॉकअब्सॉर्बर उसळी धरत नव्हते, म्हणून गाडी आबांना उडवत होती. नव्यांनी उसळी धरली. मग मारत का होती? धक्का घ्यायचं काम ज्याचं, तेच ते करत नसणार. म्हणजे स्प्रिंग. पण स्प्रिंग तर लोखंडाची, ती काय बिघडणार, असं मला वाटलं आणि मी तिथेच अडकले.

शनिवारी नवरा आला. चहा झाल्यावर मी म्हटलं, "गाडी तुम्ही चालवा. मी मागे झोपते."

"कशाला?"

"आबांना काय होतं ते बघायचंय."

त्यांना आधी गंमत वाटली. मी गोधड्या घातल्या, आबा जसे पडतात तशी पडले, डोकं डाव्या दाराकडे, गुडघे दुमडून, कंबर बरोबर सीटच्या मधोमध. गाडी गावाबाहेर निघाली. मला दिसत होतं ते फक्त छत आणि खिडकीतून पळणारे विजेच्या तारांचे झोल. पुढे खड्डा येतोय की नाही ते कळत नाही, त्यामुळे अंग आधीपासूनच ताठ होतं. इतकी वर्षं मी गाडी चालवतेय, पण स्टिअरिंग हातात असलं की माणूस धक्क्याच्या आधी तयार असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मोरी आली. कमरेखाली कुणी लाकडी पाट मारावा तसा दणका बसला. मी "आई गं" म्हणाले आणि नवऱ्याने ब्रेक मारला.

"चालू द्या," मी म्हटलं. "परत एकदा. हळू."

हळू गेलं तरी दणका तोच, फक्त उशिरा बसला. पुढच्या बाजूने, डावीकडून, 'टक' असा वेगळा आवाजही येत होता. पण कमरेला बसत होतं ते मागूनच, सरळ खालून. मधे काही नसल्यासारखं.

घरी आल्यावर मी डिकीवर दोन्ही हातांनी जोर दिला. गाडी हलली नाही. नवऱ्याला डिकीच्या कडेवर बसवलं, तरी गाडी जागची खाली गेली नाही. शेजारच्यांची गाडी अंगणातच उभी होती. त्यांना विचारून तिच्या डिकीवर हात दाबला, तर ती सहज खाली गेली आणि एकदाच वर येऊन थांबली. नवऱ्याने माझ्याकडे आणि मी नवऱ्याकडे बघितलं.

खताचं रिकामं पोतं जमिनीवर टाकून मी मागच्या चाकाशी आडवी झाले आणि मोबाईलचा उजेड आत मारला. स्प्रिंग दिसली. तिच्या वेटोळ्यांच्या मधे काहीतरी काळं, जाड, गच्च बसलेलं होतं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. एखाद्या उघड्या तोंडात लाकूड खुपसून ठेवावं, आणि मग त्याने चावावं अशी अपेक्षा करावी, तसं ते होतं.

"हे काय आहे?" मी खालूनच विचारलं.

नवऱ्याने वाकून बघितलं, त्यांनाही कळेना. उत्तर ओट्यावरून आलं.

"रबर हाये ते," आबा म्हणाले. "मीच बसोलंय."

मी पोत्यावरून उठले, कपडे झटकले आणि ओट्यावर जाऊन त्यांच्यापाशी बसले. त्यांनी सांगितलं ते असं. शेतीचा काळ जोरात होता तेव्हा ते याच गाडीतून सगळं आणत. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, केळीच्या रोपांचे ट्रे. डिकी भरली की गाडी मागे बसायची आणि गतिरोधकाला खालून घासायची. भुसावळला कुणीतरी सांगितलं, स्प्रिंगमधे रबर टाक, गाडी उचलून धरते. त्यांनी टाकून घेतलं. तेव्हापासून गाडी कधी बसली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बरा झाला होता, बऱ्याच दिवसांनी.

"मग ते काढू या, आबा," मी म्हटलं. "तेच मारतंय तुम्हाला."

"काढायचं नाही."

"का?"

"गाडी बसंल. मंग खत कशात आणशील?"

"ट्रॅक्टर आहे की. आणि खत आता गाडीत कोण आणतंय?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आणीन. बरा झालो की."

आबांना रबर हवं होतं असं नव्हतं. ते काढलं की गाडी ओझ्याची राहणार नव्हती, आणि ओझं वाहणारे आबाही राहणार नव्हते. निदान त्यांच्या मनात ते तसं होतं. मला ते कळलं, पण कळलं म्हणून मी माघार घेणार नव्हते.

"बरे होण्यासाठी जळगावला जायला लागेल," मी म्हटलं, "आणि जायला गाडी मऊ लागेल. बरे झालात की मी स्वतः तुम्हाला रबर परत बसवून आणते. हा माझा शब्द."

यावर बोलल्या त्या सासूबाई. दारात उभ्या राहून गहू निवडत होत्या, सूप तसंच हातात धरून म्हणाल्या, "इतके वर्सं मागच्या शीटवर मी बसली. खताले धक्का लागू नये म्हणून गाडी कडक केली, आन् मले कोणी इचारलं नाही का बाई तुही कंबर कशी हाये."

कुणी हसलं नाही. मग आबाच हसले, पट्टा धरून, कारण हसल्यावर त्यांना दुखायचं.

"काढा," ते म्हणाले. "पन गाडी बसली तर मले सांगू नका."

सावद्याच्या गॅरेजवाल्याकडे परत जायची माझी इच्छा नव्हती. रविवारी नवऱ्याबरोबर मी गाडी घेऊन धुळ्याला निघाले. आबांची काळजी घ्यायला नणंद आली होती. पारोळ्यापुढे नवरा झोपला. मी मात्र मोरीवर, पुलाच्या सांध्यावर, जिथे जिथे गाडी आदळेल तिथे तिथे कान देत होते. पुढचं ते डावीकडचं 'टक' आता मला सतत ऐकू येत होतं. एकदा ऐकू आलं की ते न ऐकणं जमत नाही.

वडिलांच्या ओळखीचं गॅरेज साक्री रोडला आहे. सोमवारी सकाळी ते माझ्याबरोबर आले. मिस्त्री माझ्याच वयाचा, अंगाने भरलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. वडिलांनी त्याला सांगितलं, "मनी आंडेर शे ही. तिले बठ्ठं दखाडीसनच कर." म्हणजे माझी मुलगी आहे, तिला सगळं दाखवून कर.

मिस्त्रीने गाडी वर घेतली आणि स्प्रिंगमधलं रबर बघून मान हलवली. ते सहज निघेना. धूळ, उन्हाळे आणि वजन खाऊन खाऊन दगड झालं होतं. कापून काढावं लागलं. हातात घेतलं तर त्यावर वेटोळ्यांच्या खाचा पडलेल्या होत्या आणि मधे भेगा.

"झालं काम," मिस्त्री म्हणाला आणि गाडी खाली घेतली.

गाडी खाली आली ती येतच राहिली. मागची चाकं कमानीत शिरली. रिकामी गाडी, डिकीत काही नाही, तरी मागून बसलेली. आबांनी सांगितलं होतं तसंच. मला क्षणभर वाटलं की त्यांना फोन करून सांगावं, तुमचंच खरं होतं. मग आठवलं, 'मले सांगू नका' असं ते म्हणाले होते.

"स्प्रिंग थकी गयी," मिस्त्री म्हणाला. इतकी वर्षं रबराने उचलून धरल्यामुळे स्प्रिंगचा अशक्तपणा दिसलाच नव्हता. नव्या स्प्रिंगा आणायच्या ठरल्या. तासाभरात दुकानातून जोड आली, आणि तो बसवायला घेणार एवढ्यात मी दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या. जुनी आणि नवी. नवीची तार चांगलीच जाड होती.

"ही याच गाडीची आहे?"

"याच गाडीची. गॅसवाली येते ना, तिला ही टाकतात. मागे टाकीचं वजन असतं. ही बसवा, मजबूत शे."

"मला मजबूत नको," मी म्हटलं. "मऊ पाहिजे. आमच्या गाडीत गॅसची टाकी नाही, मणका दबलेला माणूस आहे."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "बठ्ठा लोके कडकच मांगतस, ताई. मऊ कोणीच नही मांगत."

"मग आज कुणीतरी मागितली."

पेट्रोलवाल्या गाडीची स्प्रिंग धुळ्यात मिळाली नाही. नाशिकहून यायला दुसरा दिवस लागणार होता. मिस्त्रीला वाटत होतं मी कंटाळेन आणि आहे ती बसवा म्हणेन. वडीलही दबक्या आवाजात म्हणाले, एवढ्या फरकाने काय होणार आहे? मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मागे झोपून जा सावद्याला, मग सांगा." आम्ही थांबलो.

थांबलो तोवर पुढचं काम घेतलं. पुढच्या डाव्या चाकामागे एक आडवा हात असतो, चाकाला गाडीशी जोडणारा. मिस्त्रीने पहार त्याच्या सांध्यात घालून हलकेच उचकटली आणि मला म्हणाला, "हात लावा." मी सांध्यावर बोटं ठेवली. त्याने पहार दाबली की आतलं रबरी बुश सरकून धातूला धातू लागायचा, बोटांना ते स्पष्ट जाणवायचं. फाटलेलं बुश बाहेर काढलं तेव्हा ते चिंध्यांसारखं सुटं होतं. नवं बसवून त्याने बोल्ट हलका ठेवला, गाडी चाकांवर उतरवली आणि मगच पक्का आवळला. मी विचारण्याच्या बेतात होते, कारण एका व्हिडिओत हेच सांगितलं होतं, की चाक हवेत लटकत असताना आवळलं तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. विचारायची गरज पडली नाही. मला हायसं वाटलं. हा माणूस कडक स्प्रिंग देतो ती गिऱ्हाइकं मागतात म्हणून, काम येत नाही म्हणून नाही.

मंगळवारी दुपारी स्प्रिंगा आल्या, बारीक तारेच्या. बसवल्यावर गाडी नीट उभी राहिली, ना वर ना खाली. मी डिकी दाबली. खाली गेली, एकदा वर आली, थांबली. मिस्त्रीने हात पुसले.

"आता तुम्ही मागे झोपा," मी त्याला म्हटलं.

"मी?"

"मी चालवते. आमचे सासरे झोपतात तसं झोपायचं, डोकं डावीकडे."

गॅरेजातली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली. मिस्त्रीही हसत हसत आत शिरला, पण तो दांडगा माणूस, त्याला गुडघे दुमडून बसवायलाच वेळ गेला. वडील माझ्या शेजारी बसले. साक्री रोडला मुद्दाम सर्व्हिस रस्त्याने गाडी घेतली, जिथे पाइपलाइन खणून बुजवलेली होती. वडील सवयीने खड्डे दाखवत होते, "डावीकडे देख, डावीकडे," आणि मी सवयीने ते चुकवत होते. मग लक्षात आलं की चुकवायचे नाहीत. मी सरळ त्यांवरून नेली. मागून आधी हसण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं शे," तो म्हणाला. आवाज गंभीर झाला होता. "पण थांबा. परत त्याच खड्ड्यावरून घ्या जरा." मी वळवून परत घेतली. "डावीकडे पुढे अजून काहीतरी शे. बारीक. गॅरेजात उभा राहून मला हे कधीच ऐकू आलं नसतं."

परत गॅरेजात जाऊन त्याने स्वतःच शोधलं. लिंक रॉड नावाची एक बारकी दांडी, तिचा गोळा ढिला झालेला. ती बदलली आणि 'टक' गेलं. चाकांची अलाइनमेंट झाली. हवा भरणाऱ्याने नेहमीच्या सवयीने टायर टणक केले होते. दाराच्या आतल्या बाजूला कंपनीने चिकटवलेल्या पट्टीवर कमी आकडा होता, तेवढी हवा ठेवून बाकीची मी सोडायला लावली. निघताना मिस्त्रीने बजावलं की आता डिकीत गोण्या टाकू नका. मी म्हटलं, टाकणारा माणूस सध्या झोपून आहे.

घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावर होते. त्यांनी काठी घेतली, नणंदेच्या खांद्याला धरून गाडीमागे आले आणि डिकीवर तळवा ठेवून दाबला. गाडी खाली गेली आणि वर आली. त्यांनी परत दाबली. मग खाली वाकून बघायचा प्रयत्न केला, पट्ट्याने वाकू दिलं नाही.

"बसली का?" त्यांनी विचारलं.

"बसली होती," मी म्हटलं. "स्प्रिंगा नव्या टाकल्या."

"मंग मी म्हनलो व्हतो ना." एवढंच बोलून ते खाटेकडे गेले. पण त्या बोलण्यात समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी ते फक्त मोरीपर्यंत यायला तयार झाले. मोरी आली, मी गाडी जितकी हळू नेता येईल तितकी हळू नेली, आणि मागून काही आवाज आला नाही. मी आरशात बघितलं. रुमाल दातात होता, पण मूठ सैल होती. गाडी थांबवून विचारलं, "फिरवू का?"

"काहून फिरवते? जळगाव इकडंच हाये ना?"

मी तशीच निघाले. घरी फोन करून सांगितलं, आम्ही जळगावला जातोय. सासूबाई म्हणाल्या, डबा नाही घेतला. मी म्हटलं, बघू.

गाडी नवी झाली नव्हती. फैजपूरच्या पुढे एक मोठा खड्डा मला दिसला नाही आणि आबा कण्हले. एका गतिरोधकाला त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घेऊन विचारलं, एसटी अशीच शिकवली का तुला. पण तापीचा पूल ओलांडला तेव्हा मागून बोलणं बंद झालं होतं. मी घाबरून बघितलं. ते झोपले होते. तोंड उघडं, हात पोटावर, हँडल सोडलेलं. भुसावळच्या हायवेवर चढल्यावर मी गाडीचा वेग मुद्दाम वाढवला नाही.

दवाखान्यात फिजिओच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "आज कशाने आलात?"

"त्याच गाडीनं," आबा म्हणाले. "पोरीनं आतून बदलली ती."

त्या दिवशी बाईंनी थेट व्यायाम सुरू केले. पुढच्या खेपांना आबांनी स्वतःहून पट्टा बांधून ओट्यावर बसायला सुरुवात केली, आणि उशीर झाला की मला हाका मारायला. काही दिवस वाईट गेले. एकदा पाऊस लागून रस्ता आणखी उखडला आणि दोन खेपा चुकल्या. एकदा व्यायामानंतर त्यांना इतकं दुखलं की येताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटलं आता संपलं. पण पुढच्या खेपेला ते परत ओट्यावर तयार होते. रबर परत बसवायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

हिवाळा सरताना बाईंनी सांगितलं की आता इथे यायची गरज नाही, व्यायाम घरीच करा. आबांनी त्यांना नमस्कार केला, काठीशिवाय. परतताना त्यांनी मला सावद्याच्या केळी बाजाराशी गाडी थांबवायला लावली. दार स्वतः उघडलं, आधी पाय बाहेर काढले, मग हाताने छत धरून उभे राहिले, बाईंनी शिकवलं होतं तसं. ट्रकमध्ये केळी भरणं चाललं होतं. ओळखीच्या लोकांनी त्यांना घेरलं, "आबा, उभे राह्यले का!" ते एका घडाजवळ गेले, एक केळं दाबून बघितलं आणि माल अजून कोवळा आहे, एवढ्या घाईने का तोडला, म्हणून त्या शेतकऱ्याशी वाद घालायला लागले. मी गाडीतून उतरून दाराला टेकले आणि त्यांचा वाद संपायची वाट बघत थांबले. तो लवकर संपला नाही.